मांजरीला दवाखान्यात न्यायचंय, पण ती पिंजऱ्यात जात नाही

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमची मांजर तीन वर्षांची, दोनदा व्यालेली. तिची नसबंदी करायची आहे आणि रेबीजची लसही द्यायची आहे. तालुक्याचा दवाखाना २२ किलोमीटरवर. नागपूरहून प्लास्टिकचा पिंजरा मागवला. पहिल्या वेळी दोघांनी धरून आत कोंबायचा प्रयत्न केला, तर ती तुमचा हात ओरबाडून निसटली. दुसऱ्या वेळी पिंजरा माळ्यावरून काढल्याचा नुसता आवाज झाला आणि ती तुराट्यांच्या ढिगात शिरली, ती दोन दिवस जेवायलाही आली नाही. आता काय करावं, आणि सरळ पोत्यात घालून नेली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

पोत्याचं आधी सांगतो. पोत्यात नेऊ नका.

मी २६ वर्षं पशुवैद्य म्हणून काम करतोय, त्यातली बरीचशी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत गेली. सुरुवातीच्या काळातली, मे महिन्यातली गोष्ट आहे. एक शेतकरी पंधरा किलोमीटरवरून मोटारसायकलने आला. बोक्याला कुत्र्याने चावा घेतला होता. बोका युरियाच्या रिकाम्या पोत्यात, तोंड सुतळीने बांधलेलं, पोतं हँडलला लटकवलेलं. वेळ दुपारी एकची. टेबलावर पोतं सोडलं तेव्हा बोका तोंड उघडं टाकून धापा टाकत होता, जीभ जांभळट, हनुवटीपासून छातीपर्यंत लाळेने भिजलेला. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. पाणी मारलं, पंखा लावला, सलाईन लावलं. वाचला नाही. चावा मांडीवर होता आणि फार खोल नव्हता, चार टाक्यांत आणि आठवडाभराच्या औषधात भरून आला असता. बोका गेला तो उन्हाने आणि पोत्याने. तो माणूस पायरीवर बसून कितीतरी वेळ रिकामं पोतं घडी करत होता. त्याला मी दोष देत नाही. पोत्यात नेऊ नये हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतो.

मांजरीला घाम येतो तो फक्त पंज्यांच्या गाद्यांना. कुत्र्यासारखी धाप टाकून ती अंग थंड ठेवत नाही. मांजर तोंड उघडून श्वास घ्यायला लागली की तिचा जीव धोक्यात आहे असंच समजायचं. युरियाचं पोतं विणलेल्या प्लास्टिकचं, आत हवा खेळत नाही, वर खताचा वास. आपल्याकडे चंद्रपूर, वर्धा, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात बंद पोतं म्हणजे भट्टीच.

दुसरं कारण तुमच्या मांजरीच्या बाजूने बघा. आपल्या गावांत मांजर पोत्यात कधी घालतात? नकोशी झाली, की पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून येतात. त्यातल्या काही परत येतात, आणि जी परत आली ती पोतं विसरत नाही. वणीकडच्या एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "साहेब, एक बार पोत्यात घातला, आता पोतं झटकलं तरी थो पयते, कणगीमागं दडते." त्यांचा बोका त्यानंतर चार वर्षं जगला, पण पोत्यांच्या थप्पीवर कधी झोपला नाही.

आता तुमच्या पिंजऱ्याकडे येऊ. तुमची मांजर हट्टी नाही आणि रागीटही नाही. तिने हिशेब बरोबर मांडलाय. ही वस्तू वर्षभर माळ्यावर असते. ज्या दिवशी खाली येते त्या दिवशी दोन माणसं आपल्यामागे धावतात, मान धरतात, अंधारात कोंबतात. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तुराट्यांतच शिरलो असतो. म्हणून धरायचं कसं, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी तो पिंजरा तिच्या रोजच्या जगातली एक साधी, उबदार, थोडी खायला मिळणारी जागा झाला पाहिजे. ते झालं की धरण्याचं काम निम्म्याहून कमी उरतं.

पहिल्यांदा पिंजरा धुवा. घाबरलेली मांजर आपला वास मागे सोडते, कधी मूत्राचा थेंब, कधी पंज्यांचा घाम. आपल्याला तो येत नाही, तिला येतो. साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. फिनाईल वापरू नका. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजरीच्या यकृताला पचत नाहीत, आणि ती अंग चाटून साफ करते, म्हणजे जे अंगाला लागलं ते पोटात गेलं. गोठ्यातल्या फिनाईलपासूनही तिला लांबच ठेवा.

मग वरचं झाकण आणि दार काढून टाका. बहुतेक प्लास्टिकच्या पिंजऱ्यांचे दोन भाग क्लिपांनी किंवा स्क्रूने जोडलेले असतात. सुरुवातीला फक्त खालचा भाग, परातीसारखा उघडा, ठेवायचा. कुठे ठेवायचा यात बहुतेक लोक चुकतात. मोकळी म्हणून ओसरीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवतात आणि मांजर ढुंकूनही बघत नाही. मांजरीला उंची आवडते आणि पाठीमागे भिंत लागते. ती आत्ता कुठे झोपते ते दोन दिवस नीट बघा. कापूस वेचून घरात आणला असेल तर नक्की त्या ढिगावर झोपत असेल. नाहीतर तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर, कणगीवर, चुलीमागच्या ओट्यावर. पिंजऱ्याचा खालचा भाग तिथेच ठेवायचा. ती ज्यावर झोपते तो गोधडीचा तुकडा किंवा जुनं लुगडं न धुता आत अंथरायचं. तो तिचाच वास आहे. एक मऊ फडकं घेऊन तिच्या गालावरून, हनुवटीखालून हलकेच फिरवा आणि तेच पिंजऱ्याच्या कडांना पुसा. मांजर दाराच्या चौकटीला गाल घासते ना, त्यातून ती 'ही जागा माझी' अशी खूण ठेवत असते. ती खूण आपण तिच्या वतीने पिंजऱ्यावर ठेवायची.

आता खाणं. दूध नको, मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात. सुकट, सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा, उकडलेल्या अंड्याचं पिवळं, कोंबडीच्या शिजवलेल्या काळजाचा कण, यांतलं तिला सर्वांत जास्त आवडतं ते फक्त पिंजऱ्यापाशीच मिळेल असं ठरवा. दुसरीकडे कुठेच नाही. पहिले काही दिवस पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर, मग कडेवर, मग आत, मग अगदी मागच्या टोकाला. तुम्ही तिथे उभं राहून "खा गं, खा गं" करू नका. ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

ती आत जाऊन निवांत खायला लागली, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आत अंगाचा गोळा करून झोपली, की वरचं झाकण लावा. दोन-तीन दिवस काही करू नका. मग दार परत बसवा, पण उघडंच ठेवा. मग एके दिवशी ती खात असताना दार अलगद लोटा, मनात पाच आकडे मोजा आणि ती खाऊन संपवायच्या आत उघडा. दुसऱ्या दिवशी दहा आकडे. असं करत एक मिनिट, पाच मिनिटं. मग दार लावून पिंजरा वीतभर उचला आणि ठेवा. मग अंगणापर्यंत. मग मोटारसायकलवर, इंजिन बंद ठेवून. मग इंजिन चालू. मग फाट्यापर्यंत जाऊन परत. प्रत्येक वेळी घरी आल्यावर दार उघडायचं आणि सुकट द्यायची. दिवसातून दोनदा, दर वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत. जास्त वेळ ओढू नका.

हे करताना तिच्या अंगाकडे लक्ष ठेवा. कान मागे सपाट झाले, बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपटी अंगाखाली घेतली, खाणं सोडून नुसती दबून बसली, तर तुम्ही एक पायरी घाईने चढलात. मागच्या पायरीवर या आणि तिथे तीन-चार दिवस थांबा. यात कमीपणा काही नाही. तुमच्या मांजरीला दोन वाईट अनुभव आधीच आहेत, त्यामुळे तिला पिल्लापेक्षा जास्त वेळ लागणार.

किती दिवस लागतील? २०१८ साली व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २२ मांजरं घेऊन हे तपासून पाहिलं. ११ मांजरांना सहा आठवड्यांत २८ वेळा असंच टप्प्याटप्प्याने पिंजऱ्याची सवय लावली, उरलेल्या ११ ना लावली नाही. सवय लावलेली मांजरं गाडीच्या प्रवासात कमी घाबरली आणि त्यांची तपासणीही कमी वेळात उरकली. माझ्याकडे येणाऱ्या लोकांचा अनुभवही साधारण असाच, महिना ते दीड महिना. एक बाई आर्वीजवळून येतात. त्यांनी पिंजरा थंडीच्या सुरुवातीला चुलीशेजारच्या ओट्यावर ठेवला, भिंतीकडे पाठ करून. सकाळच्या चहानंतर चूल विझत आली की त्यांची मांजर आपण होऊन आत जाऊन बसायची. पौषात त्यांनी फक्त दार लावलं आणि निघाल्या. दवाखान्यात पिंजरा उघडला तर मांजर जांभई देत होती.

या महिन्या-दीड महिन्यात बोक्याला तिच्यापासून लांब ठेवा, कारण मांजरीचे दिवस ६३ ते ६५ भरतात आणि मध्येच ती गाभण राहिली तर शस्त्रक्रियेचं गणित बदलतं. रेबीजच्या लशीसाठी मात्र दीड महिना थांबू नका. गावात जनावरांच्या लसीकरणाला पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं येतात, त्यांना आधी सांगून ठेवलं तर बर्फाच्या थर्मासमधून लस आणून घरीच टोचता येईल का, हे विचारा. मी स्वतः अशा कितीतरी लशी ओसरीवर दिल्या आहेत. प्रत्येक कामासाठी मांजरीला २२ किलोमीटर हलवायची गरज नसते.

जायच्या दिवसाबद्दल. आदल्या संध्याकाळी ती जेवायला आली की घरातच ठेवा. घमेल्यात वाळू किंवा कोरडी माती भरून एका कोपऱ्यात ठेवा, रात्री तिची सोय होईल. पहाटे तिला अशा लहान खोलीत घ्या जिथे पलंग नाही, कपाट नाही, शिरायला सांद नाही. न्हाणी सगळ्यांत चांगली. पिंजरा तिथे आधीच ठेवलेला असावा. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून निघायच्या तीन-चार तास आधीपासून खाणं बंद ठेवा. सवयीने आत जावी म्हणून सुकटीचा एखादा कण चालेल. मात्र नसबंदीच्या दिवशी काय आणि कधीपासून द्यायचं नाही, हे तुमच्या डॉक्टरांकडूनच विचारून घ्या आणि तेच काटेकोर पाळा.

तरीही आत गेली नाही तर मागे धावू नका. जाडसर सुती टॉवेल दोन्ही हातांनी उघडून वरून हलकेच टाका, चारही पाय आत घेऊन तिला बाळासारखी गुंडाळा, डोकं मोकळं. दुसऱ्या माणसाने पिंजरा उभा धरावा, दार आभाळाकडे. मग तिला टॉवेलसकट, मागचे पाय आधी, असं खाली सोडा. डोकं आधी घालायला गेलात तर ती पुढचे पाय कडेला रोवून चारही बाजूंनी अडते. तुमचा हात तसाच ओरबाडला गेला असणार. पिंजऱ्याला वरच्या बाजूनेही उघडणारं दार असेल तर उभा करायचीही गरज नाही.

मानेची कातडी धरून उचलण्याबद्दल. "तिची मायच तर तशी उचलते" असं लोक म्हणतात. माय उचलते ती पिल्लू असताना. मांजर आपली पिल्लं सात घरी फिरवते म्हणतात, ती अशीच तोंडात धरून. तीन-चार किलोच्या मोठ्या मांजरीला तसं लटकवलं तर तिला दुखतं, श्वास कोंडतो, आणि ती शांत दिसते ती भीतीने गोठलेली असते. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीही २०२२ च्या मार्गदर्शनात ही पद्धत टाळायला सांगितली आहे. आम्हाला कॉलेजात मान धरायलाच शिकवलं होतं, मीही बरीच वर्षं धरली. आता धरत नाही.

फारच घाबरट मांजर असेल तर गॅबापेंटिन नावाचं औषध आहे. निघायच्या दोन-तीन तास आधी घरीच देतात, मांजर सुस्तावते, भीती कमी होते. मात्रा तिचं वजन आणि मूत्रपिंडं बघून तुमचे पशुवैद्यच ठरवतील, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. त्या दिवशी ती डुलत चालेल, म्हणून विहिरीपाशी, कौलांवर, रस्त्यावर सोडायची नाही. आणि माणसांच्या झोपेच्या गोळ्या, ताप-दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाही. पॅरासिटामोलची अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. हे मी शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना सांगायला लावतो, कारण मायेपोटीच लोक ती देतात.

रस्त्याचं एकच सांगतो, आपले रस्ते माहीत आहेत म्हणून. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पिंजऱ्याच्या दाराची कडी निघते. घरून निघतानाच दाराला आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपांना सुतळीची एकेक गाठ मारा, खिशात कात्री ठेवा. मोटारसायकलवर पिंजरा मागे बसणाऱ्याच्या मांडीवर, खालून दोन्ही हातांनी धरलेला. हँडलला लटकवायचा नाही, कॅरियरला रबराने बांधायचा नाही. वरून पातळ सुती दुपट्टा, एक बाजू हवेसाठी उघडी. उन्हाळ्यात सकाळी सहाला निघा. दवाखान्यात बैल, शेळ्या, कुत्र्यांच्या गर्दीत पिंजरा जमिनीवर ठेवू नका. बाकावर, मांडीवर, झाकलेलाच ठेवा. आधी फोन करून "मांजर आणतोय, गर्दी कधी कमी असते" हे विचारलंत तर बहुतेक डॉक्टर वेळ सांगतात. तपासताना तिला ओढून बाहेर काढायला लावू नका. वरचं झाकण काढा आणि खालच्या भागात, तिच्या गोधडीवरच तपासा, असं डॉक्टरांना नम्रपणे सांगा. तसं तपासणं आम्हालाही सोपं जातं.

काही वेळा सवय लावायला वेळच नसतो. बोका पुन्हापुन्हा मातीत बसतो आणि लघवीचा थेंब पडत नाही, तर मूत्रमार्ग अडलाय. त्याला एक-दोन दिवसही उरलेले नसतात. उंदराचं औषध पोटात गेल्याचा संशय, धाप, कुत्र्याचा चावा, अडलेलं बाळंतपण, यांतही तासाभरात निघावं लागतं. घरात पिंजरा नसेल तर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं मांजरीवर अलगद पालथं घाला, खालून जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा हळूहळू सरकवा, आणि दोन्ही मिळून दुपट्ट्याने आवळून बांधा. हवा खेळती राहते, ती बाहेर पडत नाही. एरवी चंद्रपूर-गडचिरोलीकडे बुरडाकडून झाकणाची टोपली विणून घेतली तरी छान पिंजरा होतो; फटी दोन बोटांपेक्षा मोठ्या नकोत, डोकं अडकतं.

तुमच्या हाताच्या ओरबाड्यांबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण ते जाता जाता सोडण्यासारखं नाही. मांजरीला लस दिलेली नाही आणि ती बाहेर फिरते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. अजून गेला नसाल तर आता जा, उशीर झाला म्हणून टाळू नका. हळद, चुना, तिखट काही भरू नका. चावा असेल तर आणखी जपा. मांजरीचे सुळे बारीक आणि लांब, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत पू धरतो.

आणि घरी परत आल्यावर. घरात दुसरी मांजर असेल तर ती हिच्यावर फिस्कारेल, कारण हिच्या अंगाला दवाखान्याचा वास आहे. एक रात्र वेगळ्या खोलीत ठेवा, सकाळपर्यंत निवळतं. पिंजरा मात्र माळ्यावर टाकू नका. गोधडीला रक्त किंवा लघवी लागली असेल तर ती धुवा, पिंजरा पुसा, दार काढा आणि थप्पीवर जिथे होता तिथेच ठेवून द्या. टाके सुकेपर्यंत ती त्यातच झोपेल. दहा-बारा दिवसांनी टाके दाखवायला परत न्यायचं आहे, तेव्हा दार लावण्याआधी सुकट विसरू नका.